मी भाजी विकते, असं लिहून घ्या

शनिवार होता. दुपारचे दोन. अमरावतीच्या त्या बंगल्याच्या कारशेडमध्ये मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. समोर त्यांची पांढरी गाडी. गाडी पूर्ण सावलीत, माझी खुर्ची अर्धी उन्हात.

कोर्टाच्या कागदावर लिहिलं होतं, दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, दोन ते पाच, आईने मुलीला वडिलांच्या घरी भेटावे. घरी म्हणजे घरात कुठे, ते कागदावर नव्हतं. ते सासूबाईंनी ठरवलं. ज्या घरात मी सहा वर्षं सून म्हणून स्वयंपाक केला, त्या घराचा उंबरा मला आता बंद होता.

अनू धावत आली. माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. गळ्यात पडली आणि लगेच मागे सरकली. नाक दाबलं.

"आई, तुला सांबाराचा वास येतो."

आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सकाळी अकोल्याच्या बाजारात मी सांबाराच्या जुड्या विकल्या होत्या आणि तशीच बस पकडली होती. मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. पोरीला भेटायची घाई. हात धुतले होते, पण तो वास साध्या पाण्यानं जात नाही.

"कोण म्हणते असं?" मी विचारलं.

"आजी. आजी म्हणते, भाजीवाल्यांचा वास जातच नाही."

आतून सासूबाईंचा आवाज आला. कामवालीला सांगत होत्या, पण मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं. "भेटणं झालं की पोरीले आंघोळ घाल वं. अन् आंगावरचे कपडे अल्लग भिजव."

मी काय केलं? मी हसले. जणू काही गंमत झाली. पाच वाजता अनूला आत नेलं आणि मोरीत पाणी पडल्याचा आवाज मला फाटकाशी ऐकू आला. माझा हात लागलेली पोरगी ते धुऊन काढत होते.

तरी मी गप्प. त्या गप्प राहण्याची चीड मला आजही येते.

घटस्फोट माझ्या सहीनं झाला. हे आधीच सांगून टाकते. पुढे कोणी म्हणायला नको की लपवलं.

आमचं लग्न कॉलेजातल्या ओळखीतून झालं. मी अमरावतीला बी.ए. करत होते. तो दर्यापूरकडच्या मोठ्या शेतकरी घरातला, शहरात खत-बियाण्याचं दुकान. आम्ही माळी. बार्शीटाकळीच्या अलीकडे दोन एकर बागायत, एक विहीर आणि अकोल्याच्या बाजारात एक ओटा. लोक म्हणाले, तुमच्यात फार काही अंतर नाही. अंतर किती असतं ते त्या घरात राहिल्यावर कळलं. लग्नानंतर माझे बाबा पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा पोतंभर वांगी आणि पालक घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, "भाजी आमी मांगच्या दारानं घेतो." बाबा पोतं उचलून मागच्या दारानं आले. नवरा समोरच्या खोलीत पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं.

त्यानं मला कधी मारलं नाही. त्या घरात मारायची रीत नव्हती, बोलायची होती. भाजीत मीठ जास्त झालं की 'बाजारात वाढलेली पोरगी'. अनू सावळी निघाली तर 'मायवर गेली'. आणि तो पान उलटत राहिला. एके दिवशी मी जेवताना ताट सरकवलं, पिशवी भरली, अनूला कडेवर घेतलं. सासरे दारात उभे राहिले. म्हणाले, "तुले जाचं तं जा. नात आमची आहे." मी थांबले. पोरीसाठी आणखी काही महिने काढले.

अनूचा पाचवा वाढदिवस मोठ्या थाटात झाला. त्यानंतर पंधरा दिवसांनी माझ्यासमोर कागद ठेवले. संमतीचा घटस्फोट. मुलगी वडिलांकडे. आईला महिन्यातून दोन भेटी. तो म्हणाला, "तू आधी पायावर उभी राय. मंग पाहू. तिची चांगली शाळा कावून बुडवून राहिली?"

मला ते पटलं. हीच खरी शरमेची गोष्ट. मला पटलं की त्या बंगल्यात माझी मुलगी चांगली वाढेल आणि माझ्या मायच्या घरी वाईट. कोर्टात जज मॅडमनी दोनदा विचारलं, "विचार करून सही करताय ना?" मी हो म्हटलं. दोन्ही वेळा.

कारशेडमधल्या त्या शनिवारनंतर मी शहाणी झाले. म्हणजे मूर्ख झाले. भेटीच्या दिवशी मी बाजारात जाणं सोडलं. सकाळपासून वासाचा साबण लावून अंग घासायची. नखं काड्यापेटीच्या काडीनं कोरायची. वहिनीची चांगली साडी नेसायची, खांद्याला पर्स. माय ओसरीवर बसून पाहायची. एकदा म्हणाली, "पोरीले भेटाले चालली का मुलाखत द्याले?"

मी तिच्यावरच चिडले.

आणि एका शनिवारी अनूनं विचारलं, "आई, तू काय काम करतेस? शाळेत टीचरनी विचारलं."

मागे जाळीच्या दाराआड सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या. त्या नेहमीच बसायच्या, तीन तास. मला वाटलं, मी भाजी विकते म्हटलं तर त्या हसतील. वाटलं, पोरगी पुन्हा नाक दाबेल.

"ऑफिसात," मी म्हटलं.

"कॉम्प्युटर आहे?"

"आहे."

"आणि फिरणारी खुर्ची?"

"हो. निळी."

निळी कुठून आली, मला आजही माहीत नाही. पण अनूचा चेहरा असा उजळला की पुढच्या भेटीला मी त्या ऑफिसला खिडकी दिली. त्याच्या पुढच्या भेटीला डबा खाणाऱ्या मैत्रिणी दिल्या. मी घरी परतताना बसमध्ये बसून पुढच्या भेटीचं खोटं तयार करायची. जाळीआड कोणी काहीच बोललं नाही. मला वाटलं, त्यांनी विश्वास ठेवला. त्या सगळं ऐकून जपून ठेवत होत्या.

असं वर्षभर चाललं. अनू सात वर्षांची झाली.

मग एका चौथ्या शनिवारी बंगल्याच्या फाटकाला कुलूप. मी बेल वाजवली, फोन केले. कोणी उचलला नाही. अर्ध्या तासानं शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. म्हणाल्या, "पोरीले दवाखान्यात ठेवलं ना. ताप उतरूनच नाई राहिला. चार दिवस झाले. तुले नाई सांगतलं?"

मी दवाखान्यात पळत गेले. ऑटोसुद्धा सुचला नाही. वरच्या मजल्यावर खोलीच्या दारात माझी नणंद उभी होती. आत पलंगावर अनू, हाताला सलाईन, ओठ सुकलेले. मी आत शिरणार तेवढ्यात नर्सनं अडवलं. "तुम्ही कोण पेशंटच्या?"

माझ्याआधी नणंद बोलली.

"तिची आधीची आई आहे."

आधीची आई.

तिच्या आवाजात राग नव्हता. सहज बोलली. आधीचं घर, आधीची गाडी म्हणावं तसं. नर्सनं माझ्याकडे पाहिलं. 

नवरा आधीचा होतो, हे मला कळत होतं. पण आई? ती आधीची कधी होते? कोणत्या सहीनं? मी त्या दारात उभी होते आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला हसू आलं नाही. मी नणंदेच्या खांद्याला हात लावून तिला बाजूला केलं. जोरात नाही. पण केलं. आत गेले आणि अनूच्या उशाशी बसले. कोणीतरी म्हणत राहिलं, बाहेर या, डॉक्टर रागावतील. मी उठले नाही. अनूनं डोळे उघडले, मला पाहिलं, पुन्हा मिटले. माझं बोट तिच्या मुठीत होतं. सासूबाई आल्या, सासरे आले, तो आला. मी सलाईनचे थेंब पाहत बसले. ताप उतरला तेव्हाच तिथून निघाले.

सोमवारी मी वकील शोधला. अमरावतीतल्याच एक मॅडम, पन्नाशीच्या, जाड चष्मा. मूळच्या आमच्याच भागातल्या. त्यांनी जुने कागद वाचले, तारखा पाहिल्या आणि चष्मा काढला.

"पाच वर्सांच्या आतलं लेकरू कोर्ट सहसा मायजवळच ठेवते," त्या म्हणाल्या. "त्यायनं पाच पूर्ण होऊ देले. मंग सही घेतली."

तो वाढदिवस. तो केक. मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या.

"आता काही नाही होत का, मॅडम?"

"होते. नवराबायकोचा निकाल एकदाचा लागते. लेकराच्या ताब्याचा हुकूम पक्का नसते कधीच. परिस्थिती बदलली तं कोर्ट तोबी बदलू शकते. पण एक ध्यानात ठेव. तुह्या हक्काचं कोर्ट आयकणार नाई, त्याच्या बी हक्काचं नाई. कोर्ट इचारन, पोरीचं हित कशात आहे?"

हित. तो शब्द मी पुढे इतक्यांदा ऐकला की मला त्याचा धाक बसला. आम्ही ताब्याचा अर्ज केला, त्याला नवऱ्याच्या बाजूनं आलेल्या उत्तरात तो पानापानावर होता. मुलीच्या हितासाठी स्वतंत्र खोली. मुलीच्या हितासाठी इंग्रजी शाळा, गाडी, सुसंस्कृत वातावरण. आणि माझ्याविषयी एकच ओळ: अर्जदार उघड्या बाजारात जमिनीवर बसून भाजी विकते.

कोर्टानं आधी मध्यस्थीला पाठवलं. एक गोल टेबल, पाण्याची बाटली, मध्यस्थ म्हणून एक शांत गृहस्थ. एका बाजूला तो आणि त्याचे वकील, दुसऱ्या बाजूला मी, माझा भाऊ आणि वकील मॅडम. त्याचे वकील पांढऱ्या केसांचे, आवाज एकदम मऊ. म्हणाले, आम्ही मोठ्या मनानं देतोय. उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्खा महिना मुलगी आईकडे. दिवाळीचे चार दिवस.

अख्खा महिना! माझ्या डोळ्यांपुढे लगेच विहिरीजवळचं आंब्याचं झाड आलं.

"एकच छोटी अट," ते म्हणाले आणि कागद सरकवला.

मी वाचला. त्या महिन्यात आईनं अमरावतीत राहायची सोय करावी. मुलीला भाजीबाजारात, तसेच आईच्या माहेरच्या घरी व शेतावर नेऊ नये.

भाऊ कानाशी कुजबुजला, "सही करून टाक वं. महिना तं भेटून राहिला. पुढचं पुढे पाहू."

तो चांगला माणूस आहे माझा भाऊ. बाजारात कोणी हुज्जत घातली तरी आवाज चढवत नाही. त्याच्याच घरी जायला बंदी होती आणि तोच म्हणत होता, सही कर. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला मागच्या दारानं पोतं आणणारे बाबा दिसले. बाबांनी पोतं उचललं. घटस्फोटाच्या कागदावर मी सही केली. आता भाऊ सांगत होता, कर. आम्हाला कोणी मागच्या दाराकडे बोट दाखवलं की आमचे पाय आपोआप वळत होते.

मी पेन खाली ठेवलं.

"ज्या घरी मी जन्मली त्या घरी माही पोरगी जाऊ शकत नसन, तं तो महिना मले नको."

"बाई, तुम्ही भावनेच्या भरात..." त्याचे वकील म्हणाले.

"नाई. वाचून बोलून राहिली."

तो पहिल्यांदा बोलला. दहा वर्षांहून जुनी ओळख, आणि मी त्याला असा लाल झालेला कधी पाहिला नव्हता. "तुले पोरगी पायजे का भांडण पायजे?"

मध्यस्थांनी कागद बंद केला. 'तडजोड झाली नाही', एवढंच लिहिलं. परतीच्या बसमध्ये भाऊ माझ्या शेजारी बसला. बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला. मूर्तिजापूरला चहा आणून दिला तेव्हा म्हणाला, "माह्या ध्यानातच नाई आलं, की ते आपल्या घराबद्दल लिहून राहिले."

मला वाटलं, मी जिंकले. पण माझं खोटं अजून माझ्या मागे येतच होतं.

उलटतपासणीचा दिवस. मी उभी. समोर तेच वकील. सुरुवात साधी केली. शिक्षण, पत्ता, घरात खोल्या किती. मग म्हणाले, "तुमचं मुलीवर प्रेम आहे."

"आहे."

"प्रेमाच्या माणसाशी खोटं बोलावं का?"



त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. ड्रॉइंगचा. शाळेतला. वर इंग्रजीत लिहिलेलं, माझी आई. खाली एक बाई, मोठे डोळे, केसात फूल. समोर कॉम्प्युटर. आणि खुर्ची.

निळी.

"हे चित्र मुलीनं काढलंय. तुम्ही ऑफिसात काम करता का?"

कोर्टात पंखा फिरत होता. टायपिस्टची बोटं थांबलेली. मागच्या बाकावर सासूबाई. मला त्यांच्याकडे न पाहताही कळलं की त्या माझ्याकडेच पाहत आहेत.

"नाही."

"म्हणजे लहान मुलीला तुम्ही वर्षभर खोटं सांगितलं?"

"हो."

"कारण तुम्हाला स्वतःलाच तुमच्या धंद्याची लाज वाटते. बरोबर? मग मुलीनं त्या वातावरणात वाढावं, असं तुम्ही कोणत्या तोंडानं म्हणता?"

वकील मॅडम उठून हरकत घेऊ लागल्या. जज मॅडम म्हणाल्या, साक्षीदाराला उत्तर देऊ द्या.

त्या माणसानं मला बरोबर पकडलं होतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. कारशेडची खुर्ची त्यांनी दिली, पण तिच्यावर बसून खोटं मी बोलले. मला पळून जावंसं वाटलं. पाय खरंच हलले. आणि मग मला एक साधी गोष्ट समजली. आता लपवायला काहीच उरलं नव्हतं. जे त्यांच्या हातात होतं ते त्यांनी टेबलावर मांडलं होतं. आता ते मला कशाची भीती दाखवणार?

"लाज वाटत होती," मी म्हटलं. आवाज फाटला. पुन्हा म्हटलं. "लाज वाटत होती. ती मले ह्या लोकायनं शिकवली. पोरीले माहा हात लागला की हे तिले आंघोळ घालतात. मी फाटकात उभी राहून पाण्याचा आवाज आयकला आहे. म्हणून मी खोटं बोलली. ते चुकलं. धंद्यात काही चुकलं नाही."

"प्रश्नापुरतं बोला."

"प्रश्नाचंच उत्तर आहे. मॅडम," मी जज मॅडमकडे वळले, "मी भाजी विकते, असं लिहून घ्या. सकाळी पाचपासून अकरापर्यंत. ओट्यावर बसून. माही माय विकते, माहे बाबा पिकवतात. अन् पोरीशी मी खोटं बोलली, हे बी लिहून घ्या. दोन्ही लिहा."

जज मॅडमनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि सांगितलं, "लिहा." टायपिस्टची बोटं चालू झाली. मागे सासूबाईंचं कंकण वाजलं. बस, एवढंच झालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर आल्यावर वकील मॅडम म्हणाल्या, "खरं बोलली, चांगलं केलं. पण केस कमजोर झाली, हेबी आयकून ठेव."

पुढच्या तारखेला जज मॅडम अनूशी एकट्याच बोलल्या. एव्हाना ती आठ वर्षांची झाली होती. कोर्टात मुलांसाठी एक खोली आहे, भिंतीवर फुलपाखरं, कोपऱ्यात खेळणी. तिथून तिला चेंबरमध्ये नेलं. दार बंद. बाहेर बाकावर आम्ही. एका टोकाला तो, एका टोकाला मी. त्याचा गुडघा हलत होता. मला पहिल्यांदाच वाटलं, हाही घाबरलाय. पंचवीस मिनिटं. अनू बाहेर आली तेव्हा तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. कोणाकडेही न जाता मध्येच उभी राहिली.

आठ वर्षांचं लेकरू मध्ये उभं होतं आणि आम्ही दोघं दोन टोकांना. कोणाच्या हिताचं होतं ते?

निकाल लागला. वकील मॅडमनी एकेक ओळ मला मराठीत समजावली. चालू शाळा आणि मुलीची इच्छा पाहता ताबा सध्या वडिलांकडेच. महिन्यातून दोन शनिवार-रविवार मुलगी आईच्या घरी, मुक्कामी. दिवाळी आणि उन्हाळ्याची अर्धी सुट्टी आईकडे. रोज संध्याकाळी फोन. आजारपण त्याच दिवशी कळवणं बंधनकारक. शाळेनं आईलाही सगळ्या सूचना द्याव्यात. आईच्या घरावर, धंद्यावर कोणतीही अट नाही. भाजी विकणं हे मुलीच्या हिताविरुद्ध आहे, हे म्हणणं कोर्ट फेटाळतं.

आणि आणखी एक ओळ. ती वाचताना मॅडम अडखळल्या. मी म्हटलं, वाचा.

"मुलीने आईविषयी माया व्यक्त केली. मात्र आई आपल्याशी खरे बोलत नाही, याचे तिला दुःख आहे."

सांबाराचा वास नाही. बाजार नाही. मायचं घर नाही. पोरीनं यातलं काहीच माझ्याविरुद्ध सांगितलं नव्हतं.

मी कोर्टाच्या पायरीवर बसले. रडले नाही. कोणी पाणी दिलं, प्यायले.

पहिला मुक्कामाचा शनिवार आला. मी अनूला बसनं आणलं. घरी आल्यावर माय पुढे झाली, पण अनू माझ्या मागे लपली. मायनं तिला ओढलं नाही. "ये वं बाई, बस," एवढंच म्हणून पिठलं हलवायला गेली.

जेवण झाल्यावर मी अनूला घेऊन विहिरीकडे गेले. काठावर बसलो.

"अनू, मी खोटं बोलले. ऑफिस नाही."

"मला माहीत आहे. आजीनं सांगितलं." मग म्हणाली, "का बोललीस?"

"लाज वाटली."

"कशाची?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. तुझी आजी, ती खुर्ची, ते पाणी. सगळं ओठावर आलं. मी गिळलं. ते तिच्या अंगावर टाकायचं नव्हतं. म्हटलं, "माझं चुकलं. पुन्हा बोलणार नाही. तू काहीही विचार, खरं सांगेन."

तिनं विचारलं, "मग तू मला सोडून का गेलीस?"

मी खरं सांगितलं. मी घाबरले होते. मला वाटलं होतं, तू तिथेच बरी राहशील. मी सही केली. कोणी हात धरून करवली नाही. अनूनं ऐकलं. ती माझ्या कुशीत आली नाही. उठली आणि पाटाच्या पाण्यात पाय घालून उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. बराच वेळ. मी तिला हाक मारली नाही.

सकाळी मी बाजाराला निघाले. विचारलं, "येतेस?" म्हणाली, "नाही." ठीक. मी गेले. धंदा सोडला नाही आणि तिला ओढलंही नाही. बाराच्या सुमारास परत आले तर ती मायजवळ बसून पालक निवडत होती. मीही शेजारी बसून एक जुडी ओढली. पोरीचा विश्वास एका रविवारात परत मिळत नाही. मिळेलच, असंही कोणी लिहून दिलेलं नाही.

पण माझं ठरलं आहे.

नव्या अर्जाचे कागद मी वकील मॅडमकडे दिले आहेत. शाळेचं वर्ष संपलं की दाखल करणार. बार्शीटाकळीच्या शाळेत जाऊन आले, अकोल्याच्या दोन शाळा पाहिल्या. मॅडम म्हणतात, पुन्हा हरू शकतेस. हरेन. त्यानंतर पुन्हा करेन. त्या अर्जात मी मोठ्या खोल्या दाखवणार नाही, नसलेलं काही सांगणार नाही. आणि एक गोष्ट मी स्वतःहून लिहून देणार आहे. मुलगी माझ्याकडे आली तर तिच्या बापाला, आजीआजोबांना ती हवी तेव्हा भेटेल. त्यांच्या घरात. समोरच्या दारानं. तिकडे नेऊ नये अशी अट मी घालणार नाही. ते जसं वागले तसं वागून मला ती नको आहे.

पण तिला कोणी माझ्यापासून धुऊन काढलेलं आता चालणार नाही. मला कोणी बाहेर बसवलेलं चालणार नाही. आजारी पोरीच्या खोलीबाहेर मी कोणाला विचारत उभी राहणार नाही. अनू अठराची व्हायला दहा वर्षं आहेत. दहा वर्षं मी तारखांना जाईन. सकाळचा धंदा करून, अकराची बस पकडून, जशी असेन तशी.